विमानाचे तिकीट परवडते, म्हणून बस नको?

‘ज्याला विमानाचे तिकीट परवडते त्याला टॅक्सीही परवडते. त्याच्यासाठी महापालिकेने पदरचे पैसे घालून बस का चालवायची?’ पुण्यात लोहगाव विमानतळाच्या बसचा विषय निघाला की हा सवाल येतोच. त्याच्या पाठोपाठ बाकीचे मुद्दे येतात. बस रिकाम्या धावतात, एवढे सामान घेऊन बसमध्ये कोण चढणार, आता मेट्रो आली आहे, टॅक्सी-रिक्षावाल्यांच्या पोटाचे काय. असे विचारणाऱ्या पुष्कळांच्या मनात करदात्याच्या पैशाची खरी काळजी असते, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. ते दिले नाही, तर उद्या पुरंदरला होऊ घातलेला विमानतळही मोटारीशिवाय गाठता येणार नाही असाच बांधला जाईल.

आधी परवडण्याचा मुद्दा घेऊ. विमानाचा प्रवासी म्हणजे पैसेवाला, हे समीकरण तीस वर्षांपूर्वी खरे होते. आज लोहगावच्या रांगेत दिल्लीला परीक्षेसाठी निघालेला विद्यार्थी असतो, सुट्टीवर गावी निघालेला जवान असतो, केरळहून इथल्या रुग्णालयात नोकरीला आलेली परिचारिका असते, रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून दोन महिने आधी स्वस्तातले तिकीट काढून ठेवलेला फरशीकाम करणारा कारागीर असतो. ही माणसे विमानात बसावीत हे तर सरकारचेच धोरण आहे. ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली, त्यांत आपल्या नांदेडचे हैदराबादला जाणारे विमान होते. तासाभराच्या उड्डाणातल्या ठरावीक जागांना अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा घातली गेली. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता आले पाहिजे, असे पंतप्रधानांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले. मग त्या चपलेतल्या माणसाने विमानतळाच्या दारातून निगडीला किंवा हिंजवडीला कसे जायचे? तिथवर टॅक्सीचे पाच-सातशे रुपये होतात. ज्याने तिकिटाचे पैसे महिनाभर पुरवून पुरवून बाजूला काढले, त्याच्यासाठी ही रक्कम किरकोळ नाही. तिकीट परवडले म्हणजे पुढचे सगळे परवडते, असे म्हणणाऱ्याने बेताच्या पैशात प्रवास कसा आखला जातो, हे पाहिलेले नाही.

पण परवडण्याच्या या वादात एक मोठा समूह कुणाच्या डोळ्यांपुढेच येत नाही. विमानतळावर जाणारा प्रत्येक माणूस विमानात बसायला जात नाही. विमानाच्या पोटात पेट्या चढवणारे, स्वच्छतागृहे धुणारे, सामानाच्या ढकलगाड्या गोळा करून आणणारे, खाद्यपदार्थांच्या दुकानात उभे राहणारे, चेक-इन काउंटरवर हसतमुखाने बोर्डिंग पास देणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुली, वाहनतळावर पावत्या फाडणारे, मालवाहतुकीच्या गोदामातले हमाल, या सगळ्यांची विमानतळ ही रोजची नोकरीची जागा आहे. त्यांतले बरेचजण कंत्राटदाराकडून काम करतात. पहाटेचे विमान सुटायचे असेल, तर त्यांना त्याच्याही कितीतरी आधी हजर व्हावे लागते. रात्रीचे शेवटचे विमान उतरल्यावरच सुटका होते. धानोरी, कळस, विश्रांतवाडी, येरवडा, चंदननगर, खराडी असा त्यांचा पसारा. प्रवासी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा विमानतळावर जातो. या माणसांना महिन्यातले सव्वीस दिवस जावे लागते, तेही शहर झोपलेले असताना. दुचाकी असेल तर बरे, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून, किंवा वाटून घेतलेल्या रिक्षातून. रात्रपाळीहून एकट्या परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने, दिव्याखाली उभी असलेली आणि ठरल्या वेळी सुटणारी बस ही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

जगातल्या चांगल्या विमानतळांनी हे ओळखून बससेवा आखली. हाँगकाँगचा चेक लॅप कॉकचा विमानतळ १९९८ मध्ये सुरू झाला. तिथे बसचे वेगवेगळे गट आहेत. एका गटातल्या बस थेट आणि आरामशीर जातात आणि त्यांचे भाडे जास्त असते. दुसऱ्या गटातल्या बस विमानतळाच्या आवारातल्या कामाच्या जागांवरून आणि तुंग चुंगच्या वस्तीतून वळसा घेत जातात, त्या वेळ जास्त घेतात आणि भाडे कमी. रात्रीच्या बस वेगळ्या. प्रवाशाची घाई आणि कामगाराचा खिसा, दोन्हींचा विचार केलेला आहे. आपल्याकडे विमानतळाची बस म्हटले की वातानुकूलित, महागडी, सुटाबुटातल्या प्रवाशासाठीची गाडी एवढेच चित्र समोर येते. मग ती भरली नाही की म्हणायचे, बघा, गरज नव्हतीच.

आता तोट्याकडे वळू. वादाची खरी गाठ इथे आहे.

दोन्ही शहरांत बस चालवणाऱ्या पीएमपीच्या संचलनातील तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात उचलतात. त्यामुळे विमानतळाची बस रिकामी गेली, तर तो भार हडपसरच्या आणि भोसरीच्या करदात्यावर पडतो, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. भार चुकीच्या माणसावर पडतो आहे, म्हणून सेवाच बंद करा, असे कसे? भार योग्य ठिकाणी न्या, असे म्हणायला हवे.

हे योग्य ठिकाण कुठले, ते विमानवाहतुकीच्याच हिशेबातून दिसते. ‘उडान’मध्ये एखाद्या मार्गावर विमान कंपनीला पुरेसे उत्पन्न मिळणार नसेल, तर ती तफावत सरकारी निधीतून भरली जाते. त्या निधीसाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून आकार घेतला जातो आणि राज्य सरकार आपला वीस टक्के वाटा देते. म्हणजे विमानातली रिकामी खुर्ची भरून निघावी म्हणून तिजोरी उघडते. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने मुंबई, पुणे आणि रायगड भागातल्या विमान इंधनावरचा मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. इतर राज्यांतल्या विमानतळांशी स्पर्धा करायची तर हे करावे लागेल, असा त्यामागचा विचार होता. तो चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण सात टक्क्यांचे उत्पन्न सोडताना, विमानाने फिरणाऱ्यांसाठी सरकारने पदरचे पैसे का घालायचे, असा सवाल कुणी मोठ्याने केला नाही. तो सवाल बसच्या वेळी मात्र नेमका आठवतो.

लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, म्हणजे देशाच्या पैशाची. जुलै २०२४ मध्ये वापरात आलेली नवी टर्मिनल इमारत चारशे कोटींहून अधिक खर्चाची, तीही सार्वजनिक पैशाचीच. त्या इमारतीतल्या सरकत्या जिन्याने स्वतःचा खर्च स्वतः काढावा, अशी अपेक्षा कुणी करत नाही. प्रवाशाला आत नेण्यासाठी जिना लागतो, हे सर्वांना पटलेले आहे. त्याला दारापर्यंत आणण्यासाठी बस लागते, हे अजून पटायचे आहे. बस हा विमानतळाचा भाग आहे आणि तिची तूट विमानतळाच्या हिशेबात धरली गेली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. वाहनतळाचे शुल्क, दुकानांचे भाडे, टॅक्सी कंपन्यांकडून मिळणारी रक्कम हे जगभरच्या विमानतळांचे नेहमीचे उत्पन्न असते. खासगी मोटार जितकी जास्त येईल तितके वाहनतळाचे उत्पन्न वाढते, त्यामुळे बस वाढवण्याची निकड विमानतळ चालवणाऱ्याला स्वतःहून वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच ती जबाबदारी नियमाने त्याच्यावर टाकावी लागेल. वाहनतळावर जमणाऱ्या प्रत्येक रुपयातला काही हिस्सा बससाठी राखून ठेवला, तर हडपसरच्या करदात्याला एक पैसाही द्यावा लागणार नाही.

राहिला मुद्दा बस रिकाम्या धावण्याचा. पीएमपीने ‘अभी’ या नावाने विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बस विमानतळासाठी काढल्या, तेव्हाही हीच चर्चा झाली. पण बस भरण्यासाठी काही गोष्टी आधी व्हाव्या लागतात. सामान घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला, तो पुण्यात पहिल्यांदाच आला असला तरी, विचारावे न लागता थांबा दिसला पाहिजे. पुढची बस किती वाजता आणि कुठल्या रस्त्याने जाणार, ते आगमन कक्षातल्या पडद्यावर टॅक्सीच्या जाहिरातीइतक्याच ठळकपणे दिसले पाहिजे. विमानाची वेळ बदलली तर तासभर ताटकळावे लागणार नाही, इतक्या जवळजवळच्या फेऱ्या हव्यात. जाणाऱ्या माणसाला तर वेळेची खात्री जास्तच लागते, कारण बस चुकली तर विमान चुकते. यातले एकही नसताना दोन-चार महिने गाड्या फिरवायच्या आणि प्रतिसाद नाही म्हणायचे, याला प्रयोग म्हणता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लोकांना एखाद्या सेवेवर विसंबायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढा काळ ती न चुकता, त्याच वेळी, त्याच जागेवरून सुटली पाहिजे.

बंगळूरने हे करून दाखवले. देवनहळ्ळीचा विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला, शहराच्या मध्यापासून पस्तीस किलोमीटरच्या आसपास. तिथल्या महानगर परिवहन महामंडळाच्या ‘वायुवज्र’ बस मॅजेस्टिक, बनशंकरी, इलेक्ट्रॉनिक सिटी, व्हाइटफिल्ड अशा सगळ्या दिशांना जातात. रात्रीही धावतात. सामान ठेवायला वेगळी जागा आहे. विमानतळाच्या दारासमोर फलाट आहेत आणि गाडी कुठे जाते ते लांबून वाचता येते. विमानतळापर्यंतची मेट्रो तिथे अजून झालेली नाही, त्यामुळे इतकी वर्षे सार्वजनिक वाहतुकीचा मुख्य आधार हीच बस राहिली. संगणक अभियंते, महाविद्यालयीन मुले, आजी-आजोबा, कुणालाही त्या बसमधून विमानतळावर जाण्यात कमीपणा वाटत नाही. तिथून थेट म्हैसूरला जाणारी ‘फ्लायबस’ कर्नाटकच्या राज्य परिवहनाने वेगळी काढली. हैदराबादनेही शमशाबादसाठी ‘पुष्पक’ बस चालवल्या आणि २०१९ पासून त्यांत विजेवरच्या गाड्या आणल्या.

यावर उत्तर येते की बंगळूरचा विमानतळ लांब आहे, आपला शहरातच आहे. पुणे स्टेशनपासून मोजले तर ते खरे. पण या विमानतळाचा प्रवासी केवळ पुणे स्टेशनला राहत नाही. निगडी, हिंजवडी, वारजे, कात्रज, सिंहगड रस्ता इथून लोहगाव गाठताना सगळे शहर पार करावे लागते, तेही नगर रस्त्याच्या आणि विमाननगरच्या कोंडीतून. शिवाय अंतर कमी असणे ही बसच्या बाजूची गोष्ट आहे. तीच गाडी दिवसात जास्त फेऱ्या करते, म्हणजे एका फेरीचा खर्च कमी पडतो.

कोंडीचा हिशेब सोपा आहे. लोहगावची वर्दळ वर्षाला एक कोटी प्रवाशांच्या आसपास पोहोचली आहे, म्हणजे रोज सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसे. एका मोटारीत दोन माणसे धरली, तरी दिवसाला तेरा-चौदा हजार फेऱ्या, त्यात परतीच्या रिकाम्या गाड्या वेगळ्या. यातल्या पाचातल्या एका प्रवाशाने बस धरली, तर साडेपाच हजार माणसे होतात. एका बसमध्ये पंचवीसच बसले तरी सव्वादोनशे फेऱ्यांत ती जातात आणि रस्त्यावरून पावणेतीन हजार मोटारफेऱ्या कमी होतात. बसने न जाणाऱ्यालाही याचा फायदा आहे, कारण त्याची टॅक्सी ५०९ चौकात कमी वेळ अडकेल. विमाननगरमधल्या ज्या रहिवाशाचा विमानाशी काही संबंध नाही, त्यालाही त्याच्या घराबाहेरचा रस्ता परत मिळेल.

मेट्रोचा मुद्दा जरा सावकाश पाहायला हवा, कारण तो सर्वांत पटण्यासारखा वाटतो. पुण्यात वनाजहून येणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली, पण विमानतळ तिथून काही किलोमीटर पुढेच राहतो. म्हणजे ती मेट्रो विमानतळाच्या प्रवाशाला उपयोगी पडायची असेल, तर मधल्या टप्प्यासाठी बसच लागते. पूरक बसशिवाय मेट्रोचा आधार सांगणे व्यर्थ आहे. मुंबईत मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलखाली जाते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. सदतीस हजार कोटींहून अधिक खर्चाचे ते काम झाले याचा मला आनंद आहे. पण ती रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते आणि मुंबईची पुष्कळ आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर ये-जा करतात. आखातात कामाला निघालेला रत्नागिरीचा किंवा महाडचा माणूस रात्री दोन वाजता त्या भुयारी स्थानकाचा काय उपयोग करणार? ठाणे, बोरिवली, खारघर या दिशांचा प्रश्न तर ती मार्गिका सोडवतच नाही. मेट्रो एका रेषेत धावते. शहर रेषेत वसलेले नाही. बस ज्या चौकात हवी तिथे नेता येते, पुढच्या महिन्यात मार्ग बदलता येतो आणि तिच्यासाठी दहा वर्षे थांबावे लागत नाही.

सामानाच्या मुद्द्यावर फार बोलण्याची गरज नाही. देशांतर्गत विमानात साधारणपणे पंधरा किलोची पेटी आणि सात किलोची हातपिशवी नेता येते. एसटीने याहून कितीतरी जड गाठोडी, तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या नेलेली माणसे या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खालच्या पायरीची बस आणि पेट्या ठेवायला एक कप्पा, एवढ्याने तो प्रश्न सुटतो.

टॅक्सी-रिक्षावाल्यांच्या पोटाचा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या चालकाला विमानतळाची लांबची फेरी हा दिवसाचा आधार असतो. पण बंगळूरला बस चालू असतानाही टॅक्सींच्या रांगा ओसरलेल्या नाहीत. बसची वाट धरणारा बहुतेक माणूस आज भावाला किंवा मित्राला गाडी घेऊन बोलावतो, नाहीतर जड पिशव्या ओढत मुख्य रस्त्यापर्यंत चालत जातो. गोव्यात हे चित्र अधिक स्पष्ट आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तिथून मडगावला जायचे तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडावा लागतो. टॅक्सीचे दर आणि ॲपवरच्या गाड्या यांवरून तिथे सतत संघर्ष होत आला आहे. तरीही कदंब महामंडळाच्या बस मोपाहून पणजी, मडगाव, कळंगुटकडे जातात आणि सामान्य गोवेकराला त्यांचा आधार वाटतो. टॅक्सीचालकाला न्याय द्यायचा असेल तर त्याच्याकडून घेतले जाणारे शुल्क आणि ॲप कंपन्यांचे कमिशन यांकडे पाहावे. दुसऱ्या गरीब माणसाची बस अडवून त्याला न्याय मिळणार नाही.

एक गोष्ट या वादात जवळपास कुणीच मांडत नाही, म्हणून मी मांडतो. लोहगावचा प्रवासी अर्ध्या महाराष्ट्रातून येतो. सातारा, बारामती, अहिल्यानगर, सोलापूरकडची माणसे विमानासाठी पुण्याला येतात. एसटीने त्यांना स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला उतरवायचे आणि तिथून त्यांनी पुन्हा रिक्षा शोधायची, हे कशासाठी? १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली. तोच नगर रस्ता आज विमानतळाच्या अगदी जवळून जातो. म्हैसूरसाठी जे झाले ते साताऱ्यासाठी आणि नगरसाठी का होऊ नये? विमानांच्या वेळांना धरून दिवसातून मोजक्याच, पण पक्क्या फेऱ्या ठेवाव्यात. तिकीट आधी काढता यावे आणि थांबा थेट टर्मिनलसमोर असावा.

पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४ पासून केंद्रात नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री आहेत आणि त्याआधी ते या शहराचे महापौर होते. महापालिका आणि विमानतळ या दोन्ही बाजू इतक्या जवळून पाहिलेला माणूस या पदावर असणे ही पुण्याला मिळालेली दुर्मीळ संधी आहे. त्यांच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. लोहगावच्या आगमन दारासमोरची सर्वांत जवळची जागा बसला द्यावी, मोटारींना तिच्या मागे. पहिल्या विमानाआधी आणि शेवटच्या विमानानंतर धावणाऱ्या फेऱ्या कामगारांच्या पाळ्या विचारून ठरवाव्यात. या सेवेची तूट दोन महापालिकांनी नव्हे, विमानतळाने वाहनतळाच्या उत्पन्नातून भरावी, असा करार पीएमपीशी करावा आणि तो किमान तीन वर्षांचा असावा. ‘उडान’मध्ये विमान कंपन्यांनाही तीन वर्षांचाच आधार दिला जातो. आणि पुरंदरच्या विमानतळाचा आराखडा अजून कागदावर आहे तोवरच त्यात पीएमपी आणि एसटीचे स्थानक टर्मिनलला लागून आखून घ्यावे. तिथे शेतकऱ्यांची जमीन लागणार आहे. त्या शेतकऱ्याच्या मुलाला उद्या त्याच विमानतळावर नोकरी लागली, तर पहाटेच्या पाळीला जायला त्याला बस मिळाली पाहिजे.